फाटकावरची पाटी

सासरी आल्या आल्या ऋजुताला एक नियम सांगितला गेला होता: भाऊसाहेबांच्या शब्दावर प्रश्न विचारायचा नाही. सासरे भाऊसाहेब म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक.

शाळेच्या धाकाने बोलायचीच थांबलेली तिची मुलगी शर्वी आता घरी शिकत होती. जेवणाच्या टेबलाखाली लोळत गोष्टी वाचता वाचता ती पुन्हा बोलू लागली होती. तेवढ्यात भाऊसाहेब पितळी घंटा घेऊन आले.

"घरी शिकायचं तर शाळेसारखं. हाताची घडी, तोंडावर बोट. काय अक्का?"

त्यांच्या बहिणीने मान डोलावली.

ऋजुताने विचारलं, "अगदी शाळेसारखं?"

"तंतोतंत."

तिने पुढचं दार उघडलं. "मग भाऊसाहेब, तुम्ही आणि आत्याबाई अंगणात थांबा. तुमच्याच शाळेच्या फाटकावर पाटी होती ना, घरच्यांनी आत येऊ नये म्हणून?"

"काहीतरीच काय सूनबाई, हे घर आहे."

"घर आहे ना? मग इथे घंटा वाजणार नाही."

भाऊसाहेबांनी अक्कांकडे पाहिलं, अक्कांनी घंटेकडे. टेबलाखालून तेवढा शर्वीचा मोठ्याने वाचण्याचा आवाज येत होता.