परमुलखातलं व्याज

समुद्रकाठच्या एका चिमुकल्या राज्यात भिवजी नावाचा खजिनदार होता. उतारवयात त्याला सगळ्यात जास्त आठवत, ती बंदराचा धक्का बांधला ती वर्षं.

तेव्हा दूरच्या एका बलाढ्य मुलखात ठेवीवर शेकडा दोन व्याज मिळे. भिवजीच्या राज्याचे कर्जरोखे शेकडा आठ देत. त्यामुळे तिकडचे सावकार गलबतांतून मोहरा आणत आणि रोखे घेऊन जात. फेडही त्यांच्याच मोहरांत करायची असे. त्या पैशातून धक्का उभा राहिला, बंदरावर रोज नवं दुकान उघडे. त्या सावकारांतला इलियासशेठ तर दर खेपेला भिवजीकडेच जेवायला असे. काय ते दिवस होते!

राजा म्हणाला, "भिवजी, आणखी रोखे काढा. नवा महाल बांधू."

मोहरा दारात येतायत, मग नाही कशाला म्हणा? भिवजीने रोखे काढले.

पुढच्याच वर्षी त्या मुलखाने आपलं व्याज शेकडा सहा केलं.

इलियासशेठ ओशाळून म्हणाला, "रागावू नका, भिवजी. घरबसल्या सहा मिळत असतील, तर दोन जास्तीसाठी समुद्राचा धोका कोण पत्करेल?"

सगळेच सावकार आपले रोखे विकायला निघाले. शंभराचा रोखा सत्तरला कोणी घेईना. नव्या रोख्यांवर सावकार चौदा मागू लागले. मोहर महागली, राज्याचं नाणं घसरलं, आणि जुन्या रोख्यांची फेड तर तोंडावर आली.

"चौदा तर चौदा," राजा म्हणाला. "काढा रोखे. लोकांना कळू देऊ नका."

"महाराज, पहिली चूक माझी," भिवजी म्हणाला. "ती झाकायला दुसरी करणार नाही."

त्याने बंदरावर लोकांना बोलावून सगळं खरं सांगितलं. महाल अर्धाच राहिला, त्याचं सागवान विकलं. राजाचे हत्ती गेले. कोळ्यांनी आणि मिठागरवाल्यांनी पाच वर्षं जास्त जकात भरली. पण प्रत्येक मोहर ठरल्या दिवशी फिटली.

बऱ्याच वर्षांनी तिकडचं व्याज पुन्हा उतरलं आणि इलियासशेठ आला. दाढी पांढरी झाली होती. भिवजीला भरून आलं. जेवताना जुन्या गोष्टी निघाल्या.

शेठ म्हणाला, "शंभर पेट्या मोहरा आणल्यात. शेकडा सातने घ्या."

"तीस पुरेत."

"माझ्यावर विश्वास नाही का राहिला?"

"तुमच्यावर आहे, शेठ," भिवजी म्हणाला. "पण तुमच्या मुलखातलं व्याज ना तुमच्या हातात, ना माझ्या."

तात्पर्य: दुसऱ्याच्या सोयीने आलेला पैसा दुसऱ्याच्या सोयीनेच परत जातो, म्हणून तो येत असतानाच, गेल्यावर आपल्याला पेलेल एवढाच घ्यावा.