दूध तुटलं की हात बदल

"म्हणजे चूक कुठल्या टप्प्याला झाली, बाबा?" दस्तगीरनं विचारलं.

लाडलेबाबा कडब्याची पेंढी सोडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

फकिरी घेण्याआधी बाबांनी जन्मभर मांसासाठी रेडे पाळले. आता दर्ग्यामागच्या झोपडीत त्यांच्याकडे उरली होती एक भाकड म्हैस आणि गप्प बसायची सवय. दस्तगीर हा धंदा त्यांच्याच हाताखाली शिकला. पुढे तो इतका तरबेज झाला की चार गावांत त्याच्या गोठ्याचा दाखला देत. दिला नसता तर तो त्यानं स्वतः जाऊन दिला असता.

आताही त्यानं सगळं पहिल्यापासून सांगितलं. रेडकू जन्मलं की तासाभरात चीक. तीन महिने दूध. मग दूध तोडून कोवळी वैरण. वर्षभर माळावर मोकळं चारायचं, हाडं भरू द्यायची. शेवटचे चार महिने दावणीला बांधून भरडा आणि पेंड. कुठे काही कमी पडलं नव्हतं.

"आन् भुरा?" बाबांनी विचारलं.



भुराला त्याच्या आईनं जन्मताच लाथाडलं होतं. दस्तगीरनं तांब्यात बोटं बुडवून, ती चोखवून त्याला वाढवला. गेल्या गुरुवारी भुरा खाटकाच्या गाडीत चढला. तेव्हापासून दस्तगीरच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

आणि आज पहाटे त्याच म्हशीला दुसरं रेडकू झालं. तिनं त्यालाही लाथाडलं. चीक काढून तांब्यात ठेवलेला, रेडकू बाटलीला तोंड लावेना, आणि बोट चोखवायला दस्तगीरचा हात काही पुढे होईना. अजून थोडा उशीर झाला तर ते जगणार नव्हतं. म्हणून तो धावत आला होता.

"मी तुला एक नियम सांगितलेला," बाबा म्हणाले.

"दूध तुटलं की हात बदल. पाजणाऱ्यानं वैरण घालायची न्हाई, दुसऱ्याला घालू द्यायची. ध्यानात हाय."

"मग?"

ध्यानात होतं, पण त्याला ते म्हाताऱ्यांचं खूळ वाटलं होतं. हात बदलला की रेडकू आठवडाभर रेकतं, वाळतं. त्यानं हात बदललाच नाही. दूध त्यानं पाजलं, वैरण त्यानं घातली, पेंडही त्यानंच चारली. त्याची रेडकं कधी वाळली नाहीत. वर आणखी एक फायदा झाला. बाकीच्यांचे रेडे गाडीत चढवताना शेपट्या पिरगळाव्या लागत. दस्तगीर हिरव्या वैरणीची मूठ घेऊन गाडीच्या मागच्या, खाली टेकवलेल्या फळीवरून पुढे चढे आणि रेडा मुकाट त्याच्या मागून येई. लोक बघायला जमत.

"आजवर एकाला काठी लागली न्हाई, बाबा." एवढ्या दुःखातही त्याची मान थोडी ताठ झाली.

"आन् तू कुठनं उतरायचास?"

"बाजूनं... फळकुटावरनं उडी टाकून. मागची फळी तवर उचलून बंद केल्याली असायची."

"भुरा काय म्हणाला?"

"रेकला."

"किती येळ?"



"गाडी वळणाआड जाईस्तवर ऐकू येत हुतं..."

बाबा उठले. झोळीतून भाकरी काढली आणि म्हणाले, उपाशी दिसतोस, आत चल.

बाबा पुढे, दस्तगीर मागे. झोपडीत धुराचा अंधार होता. दस्तगीर चुलीपाशी पोचेपर्यंत बाबा मागच्या छोट्या दारातून बाहेर पडले आणि त्यांनी बाहेरून कडी घातली.

"बाबा?"

...

"बाबा, कुठं गेलासा?"

तिसरी हाक बरीच मोठी होती. मग चौथी.

बाबा झोपडीला वळसा घालून आले आणि पुढच्या उंबऱ्यावर बसले. भाकरी त्यांच्या हातातच होती.

"हे दार तर उघडंच हुतं. हाका कशापायी मारल्यास?"

दस्तगीरनं उघड्या दाराकडे पाहिलं. ते त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"तुमी म्होरं हुता, बाबा," तो म्हणाला.

आणि मग मात्र तो मटकन खाली बसला. ज्याचा चार गावांत दाखला देत तो माणूस, लहान पोरासारखा रडला.

बाबांनी त्याला रडू दिलं. समजूत घातली नाही. भाकरीचे दोन तुकडे केले, एक त्याच्या हातात ठेवला, दुसरा स्वतःच्या हातात तसाच धरून ठेवला.

"त्यो नियम मला लई उशिरा सुचला. बावीस वर्सं मीबी फळकुटावरनंच उडी टाकली." त्यांचा आवाज खाली गेला. "अजून ऐकू येतंय..."

बाहेर भाकड म्हैस कडबा खात होती.

दस्तगीरनं डोळे पुसले. "मग त्या रेडकाला बोट देऊ का नको?"

बाबा हातातला तुकडा घेऊन म्हशीकडे गेले. दस्तगीर उठला, चपला घातल्या, निघालाही. अंगण ओलांडून तो वाटेला लागला तेव्हा मागून हाक आली.

"दस्तगीर. बोट दे त्याला."

तो वळला.

"आन् गाडी येईल तवा, ज्या फळीनं चढशील त्याच फळीनं, त्याच्या डोळ्यांदेखत उतर."