निमटोल्याच्या तळ्यातले गोटे

तळ्याच्या या पाळीवर, बांधावर, हा गोट्यांचा ढीग दिसतो ना, त्यावर पाय देऊ नका. देव नाही तो. पण देवापेक्षा जास्त कामाचा आहे. आमच्या तळ्यात भाला घेऊन बुडी मारणारा प्रत्येक ढिवर, म्हणजे आमचा मासेमार, यातला एक गोटा हातात घेऊनच उतरतो.

पाणी बघा, कसं गढूळ आहे. आत पाणगवत एवढं दाट, की स्वतःचा हात स्वतःला दिसत नाही. मासा दिसायचा प्रश्नच नाही. म्हणून जुनी रीत अशी होती, की गवत हललं की भाला मारायचा.

पैकू आणि डोमा असे दोन सख्खे भाऊ इथे होते म्हणे. वाटणीवरून बिनसलं आणि बोलणं तुटलं. कोण कुठे बुडी मारणार, हेही एकमेकांना सांगेनात. त्यात दुष्काळ पडला, तळं आटलं, मासे उरल्यासुरल्या गवतात दडले. एके दिवशी डोमाला गवत हलताना दिसलं. मोठी मरळ असणार, असं समजून त्याने बुडी मारली आणि भाला खुपसला. वर आला तो पैकू. भाला मांडीत रुतला होता.

पैकू वाचला, पण अंथरुणाला खिळला. डोमाने भाला घराच्या आढ्याला टांगला आणि शपथ घेतली, की पुन्हा हात लावणार नाही. दोन्ही घरांची चूल त्याच्यावर आली. तो कमळाचे कंद उपटून आणायचा. त्यावर किती दिवस निघणार? पोरं वाळत चालली.

पुढे पैकू लंगडत का होईना, चालू लागला. डोमा म्हणाला, "भाल्यानं तुह्या पायाचं वाटोळं केलं, दादा."

"भाल्याची का चूक? तू पुसलं नाई, अन् म्या सांगतलं नाई."

"पान्यात कसं पुसाव? तोंड उघडलं का पानी जाते."

मग एका सकाळी पैकू काठाशी बसून, आपला भाला पाण्यात धरून गोट्याने ठोकून त्याचा गंज झाडत होता. दूर कंदासाठी बुडालेला डोमा धडपडत वर आला. "दादा, तू माह्या कानाजवळ का वाजवत होता?"

"मंग पान्यात पुसता येते! गोटा वाजवाचा; टक टक आलं तं मानूस, नाई आलं तं मासा," पैकू म्हणाला. मग त्याने डोमाचा भाला आढ्यावरून काढून आणला. दोघं एकेक गोटा घेऊन तळ्याच्या दोन टोकांनी उतरले. खाली डोमासमोर गवत हललं. त्याने भाला मारला नाही, त्यावर गोटा वाजवला. गवतातून उत्तर आलं, टक टक. डोमाने हात पुढे केला आणि भावाचा हात धरला. त्या दिवशी मासा एकही मिळाला नाही. तरी त्यांची आई पाळीवर बसून आनंदाने रडली. दुसऱ्या दिवशी मात्र डोमाने गोटा वाजवला, उत्तर आलं नाही, आणि त्याने मरळ काढली. दोन्ही घरं एका चुलीवर जेवली.

आवाजाने निम्मे मासे पळतात, हे खरं. शेजारचे गाववाले आम्हाला हसतात. हसोत बापडे. मासा पळतो, माणूस उत्तर देतो; आम्हाला तेवढं पुरतं.

आणि एक नियम आहे. वर कितीही वैर असो, पाण्यात उत्तर द्यावंच लागतं. तो समोर डोकं वर काढतोय ना, तो माझा चुलतभाऊ, इसन. शेताच्या बांधावरून आमचं बोलणं बंद आहे, माझ्या दारावरून जाताना मान फिरवतो. पण आजही मी खाली गोटा वाजवला, की पहिलं उत्तर त्याचंच येतं.