पोकळीतला डुल्या

माणसाने स्फटिकाला नाव देण्याआधीची गोष्ट. एका स्फटिकातले सगळे कण हातात हात घालून रांगेत उभे असत. स्फटिकाचं एक टोक तापलेलं, दुसरं थंडगार. या फरकातूनच वीज निघे आणि कणांचा इवलासा दिवा जळे.

रांगांच्या मधल्या पोकळीत डुल्या नावाचा जड कण एकटाच डुलत असे.

"तुझ्यामुळे रांग बिघडते, चालता हो," रांगेचा म्होरक्या म्हणाला. डुल्या निघून गेला.

क्षणात धग हातोहात धावत थंड टोकाला पोहोचली. दोन्ही टोकं सारखीच तापली, दिवा विझला.

"रांग तर सरळ आहे," म्होरक्या पुटपुटला.

"धग त्याच्या डुलण्यावर आपटून विखरायची, वीज मात्र बाजूने निसटायची," त्याचा हात धरून उभी असलेली शेजारीण म्हणाली. "आत्ता कळतंय."

म्होरक्याने तिचा हात सोडला आणि रांग मोडून तो डुल्याला शोधायला निघाला.