हिरवा सरडा

माळावरची बिळं काटेरी बोळांनी जोडलेली होती, तेव्हाची ही गोष्ट. बोळाच्या तोंडाशी सरडा बसे. तो हिरवा दिसला की उंदीर बिनघोर आत शिरत.

एकदा एका नव्या बिळात फुकट शेंगा मिळतात म्हणून रांग लागली. पुढे उभी असलेली ठकू उंदरी मात्र थबकली.

"सरडेदादा, तुम्ही हिरवे कशामुळे होता हो?"

"बोळाचे काटे धड असले की. वाटेत घार झडप घालू शकत नाही."

"आणि बिळात कोण राहतं?"

"ते अजून कुणी विचारलंच नाही, बाई."

ठकूने तिथूनच हाक मारली, "हा बोळ कुणी बांधला?"

"मीच की!" आतून रानमांजरीचा लाडिक आवाज आला. "किती मजबूत आहे बघ. ये ना!"

"पळा!" ठकू रांगेवर ओरडली.

सरडा अजून हिरवागारच होता.