नाच कसा करावा

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. एका उंच कड्यावरच्या पोळ्यातला मध संपत आला होता आणि माश्यांची बाळं भुकेनं वळवळत होती. अशात भुरकी नावाची तरुण मधमाशी बहरलेला शेवगा शोधून आली. फुलं कुठे आहेत ते माश्या नाचून सांगतात, म्हणून ती धापा टाकतच नाचू लागली.

"थांब थांब!" एक ज्येष्ठ माशी म्हणाली. "आधी वळायचं, मग पोट हलवायचं."

"मावशी, ओढ्यापलीकडे शेवगा फुललाय!"

"असेल. म्हणून काय असं नाचायचं? आमच्या वेळी हे कुणी खपवून घेतलं नसतं."

"आधी पोटच हलवायचं असतं," दुसरी ज्येष्ठ माशी मध्येच म्हणाली. झालं! दोघी एकमेकींना नाचून दाखवू लागल्या. भोवती गर्दी जमली, दोन तट पडले. शेवग्याचं नावही कुणी काढेना.

भुरकी चिडली. पोळ्याच्या कडेला जाऊन ती तिथल्या पोरींसमोर पुन्हा तशीच नाचली. "कशी नाचते ते सोडा गं, कुठे जायचं ते बघा!" पोरींना नेमकं कळलं. सगळ्या भुर्रकन उडाल्या.

संध्याकाळी बाळं पोटभर जेवून गाढ झोपली. दोन्ही मावश्या मात्र भांडतच होत्या. भुरकीनं हसत दोघींच्या तोंडात ताज्या मधाचा एकेक थेंब घातला.

पोळ्यात एकदम शांतता पसरली. तो थेंब विरघळेपर्यंत तरी.