आईला द्यायची एक रिंग

फार पूर्वीची नव्हे, प्रत्येकाच्या हाती मोबाइल आल्यानंतरची गोष्ट. एका गावात एक टॉवरवाला होता. गावामागच्या टेकडीवर त्याचा टॉवर, आणि साऱ्या गावाचे फोन त्याच्याच जोरावर चालत. गावाला मिस्ड कॉलची सवय होती. एक रिंग म्हणजे निघालो, दोन म्हणजे न्यायला या. टॉवरवाला स्वतःही टेकडी उतरायला लागला की आईला एक रिंग द्यायचा. मग आई चुलीवर तवा ठेवायची.

एके दिवशी सरपंचबाईंनी पारावर फुकट वायफाय बसवले. आठ दिवसांत सारा गाव पारावर! रिचार्जला कोणी फिरकेना. टॉवरवाल्याच्या पायाखालची जमीनच सरकली.

"फुकट्यांनो!" तो ओरडला. "रिचार्ज नाही, तर रिंगसुद्धा बंद!"

"शेठ, असं करू नका," सरपंचबाई म्हणाल्या. "वायफाय पारापुरतं. रानात माणसाला तुमचाच आधार."

पण ऐकतो कोण? त्याने स्वतःचा सोडून गावातले सगळे नंबर बंद केले. वर मोठ्या हौसेने स्वतःच्या आवाजात सूचना भरली.

त्याच संध्याकाळी टेकडी उतरताना तो घसरला आणि घळीत पडला. पाय मोडला. कळवळत त्याने आईचा नंबर लावला. कानात त्याचाच आवाज आला, "रिचार्ज न केल्यामुळे हा नंबर बंद आहे."

मग त्याला आठवले. आई फक्त त्याची रिंग घ्यायची, तिने रिचार्ज कधी केलाच नव्हता! त्याने सरपंचबाईंना लावला, डॉक्टरांना लावला. सगळीकडून त्याचाच आवाज. त्याला त्या आवाजाची भीती वाटू लागली.

इकडे आई थंड चुलीपुढे बसून होती. शेवटी ती पारावर गेली. "माझ्या लेकाची रिंग आली नाही हो!"

फोनमध्ये माना घालून बसलेला सारा पार ताडकन उठला. हाका मारत माणसे टेकडी चढली आणि त्याला शोधून काढले.

"मी तुमचे फोन बंद केले, तरी आलात?" त्याला रडू आवरेना.

"पारावर आम्ही पिक्चर बघतो, शेठ," सरपंचबाई म्हणाल्या. "रानातून घरी रिंग द्यायला तुमच्याशिवाय होतं कोण?"

त्याने सगळ्यांचे नंबर सुरू केले. पहिला आईचा.

तात्पर्य इतकेच: कोणी फुकट वाटायला लागले, की त्याच्याकडे नसलेले आपल्याकडे काय आहे ते आधी पाहावे. रागाच्या भरात नेमके तेच बंद करू नये.